घरचा राउटर आणि मुलांचे इंटरनेट : काट्याची पावती कशी वाचावी



गेल्या काही महिन्यांत गट ऑफिसात ऊस नोंदीला किंवा बिलाच्या चौकशीला येणारे सभासद आमच्याजवळ एक वेगळीच विचारणा करू लागले आहेत. लावणीची तारीख, खताचा डोस, तोडीचा नंबर हे विषय झाले, की उठता उठता म्हणतात, "अहो, घरात वाय-फाय घेतलंय. पोरगं रात्री कितीपर्यंत त्याच्यावर असतं, काय बघतं, काही कळत नाही. त्या डब्यातनं काय बघता येतं का?"

येतं. पण सगळं येत नाही, आणि जे येतं ते वाचायला शिकावं लागतं. म्हणून या अंकात नेहमीच्या पीकपाठाऐवजी हा पाठ घेतला आहे. तो लिहिताना आम्ही स्वतः केलेली एक चूकही पुढे सांगणार आहोत. ती सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा होणार नाही.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या घरांत दहावीपर्यंत मोबाइल नाही असा दंडक होता, तिथेही पोरांना मोबाइल घेऊन द्यावा लागला. शाळा पुन्हा भरल्या. मोबाइल काही कपाटात परत गेला नाही. मग गावात फायबरची लाइन आली आणि वस्तीवरच्या घरांतही भिंतीवर पांढरा डबा लागला. आता त्या एका डब्यावर मोबाइल चालतो, टी.व्ही. चालतो, गोठ्यावरचा कॅमेरा चालतो आणि धाकट्याचा टॅबही चालतो.

डबा म्हणजे काय

हा डबा म्हणजे राउटर. बाहेरून येणारे इंटरनेट एका तारेने घरात येते आणि राउटर ते घरातल्या सगळ्या उपकरणांना वाटून देतो. जाणारी-येणारी प्रत्येक गोष्ट त्याच्यातून जाते. म्हणून आम्हाला तो कारखान्याच्या वजनकाट्यासारखा वाटतो. काट्यावरून गेल्याशिवाय गाडी गव्हाणीकडे जात नाही. कोणत्या नंबरची गाडी, किती वाजता आली, भरून किती आणि रिकामी किती, हे काटा बिनचूक सांगतो. पण त्या उसात साखर किती, हे काट्याला कळत नाही. उतारा प्रयोगशाळेतच कळतो. राउटरचेही तसेच आहे. कोणते उपकरण, कधी, किती वेळ, किती जीबी, एवढे तो सांगतो. पोराच्या डोक्यात काय गेले, हा उतारा झाला; तो त्या पावतीवर छापलेला नसतो.

एवढे ध्यानात ठेवून आता डबा उघडू या.

डब्याच्या खाली किंवा मागे एक चिकटपट्टी असते. तिच्यावर एक आकड्यांचा पत्ता असतो. बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, काही कंपन्यांच्या डब्यात थोडा वेगळा. त्याच पट्टीवर युजर नेम आणि पासवर्डही छापलेला असतो. आपला मोबाइल घरच्या वाय-फायला जोडावा, ब्राउझर उघडावा आणि वर जिथे साइटचे नाव टाकतो तिथे हे आकडे टिंबांसकट इंग्रजी आकड्यांत टाकावेत. डब्याचे पान उघडते. काही कंपन्यांचे यासाठी वेगळे ॲप असते. त्यातही हेच दिसते.

इथे पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून सांगतो. पासवर्ड दोन आहेत. एक वाय-फायचा, जो आपण पाहुण्यांनाही देतो. दुसरा डब्याच्या पानाचा, म्हणजे ॲडमिनचा. पहिला घराच्या फाटकाची किल्ली समजा, दुसरा तिजोरीची. पट्टीवर छापलेला ॲडमिनचा पासवर्ड ज्याला वाचता येतो त्याला सगळे बदलता येते, आणि आपल्या घरात तो सर्वांत आधी वाचलेला असतो तो नववीतल्या पोराने. तेव्हा पहिले काम, बाकी काही करो ना करो, ॲडमिनचा पासवर्ड बदलावा आणि सातबारा ठेवतो त्या फायलीत लिहून ठेवावा. मोबाइल नंबर, जन्मतारीख, ट्रॅक्टरचा नंबर हे पासवर्ड ठेवू नयेत. ते घरात सर्वांना पाठ असतात.

गाडी नंबर

डब्याच्या पानावर 'कनेक्टेड डिव्हायसेस' किंवा अशाच नावाची यादी असते. त्यात त्या घटकेला जोडलेली उपकरणे दिसतात. प्रत्येकापुढे एक नंबर असतो : दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या, आकडे आणि ए ते एफ ही अक्षरे मिसळलेली. त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. हा त्या उपकरणाचा गाडी नंबर. चिटबॉयच्या वहीत जसा ट्रॅक्टर-ट्रॉलीचा नंबर, तसा.

वही घेऊन बसावे. घरातले एकेक उपकरण वाय-फायवरून काढावे, यादीतून कोणता नंबर गेला ते पाहावे आणि त्यापुढे नाव लिहावे : आबांचा मोबाइल, टी.व्ही., कॅमेरा, ताईचा टॅब. तासाभराचे काम आहे. घरात सहा उपकरणे आणि यादीत नऊ नंबर असतील, तर शेजारच्या वस्तीवर आपलेच पाणी चालले आहे असे समजावे आणि वाय-फायचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.

आता गंमत अशी, की अलीकडचे मोबाइल आपला खरा नंबर दाखवत नाहीत. अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून (२०२०) मोबाइल प्रत्येक वाय-फायला एक बनावट नंबर देतो. यात पोराची लबाडी नाही. बाजारात, एस.टी. स्टँडवर कुणी आपल्या मोबाइलचा माग काढू नये म्हणून कंपन्यांनीच केलेली ही सोय आहे. पण त्याचा परिणाम असा, की मोबाइलमध्ये ते वाय-फाय 'विसरून' पुन्हा जोडले किंवा सेटिंग बदलले, तर नंबर बदलू शकतो आणि आपण घातलेली मर्यादा जुन्या नंबरवर बसून राहते. म्हणून घरच्या वाय-फायपुरते मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन खरा नंबर वापरण्याचा पर्याय निवडावा. अँड्रॉइडमध्ये तो त्या वाय-फायच्या नावाखाली 'प्रायव्हसी'त सापडतो, आयफोनमध्ये 'प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस' या नावाने.

वेळेची पाळी

आमच्या मते राउटरचा सर्वांत मोठा उपयोग वेळ ठरवण्याला आहे, हेरगिरीला नाही. 'पॅरेंटल कंट्रोल' किंवा 'ॲक्सेस कंट्रोल' या कप्प्यात एखाद्या नंबराला वेळ बांधून देता येते : रात्री दहा ते सकाळी सहा बंद. बाकीच्यांचे चालू राहते. कालव्याचे पाणी जसे पाळीपत्रकाने मिळते तसे हे.

पण यात आमच्या भागात दोन अडचणी हटकून येतात. पहिली घड्याळाची. डबा आपले घड्याळ इंटरनेटवरून लावून घेतो, पण त्यात 'टाइम झोन' भारताचा, म्हणजे अधिक ५ तास ३० मिनिटे, असा निवडलेला नसेल तर घड्याळ साडेपाच तास मागे चालते. एका सभासदाने रात्री दहाला बंद अशी वेळ लावली आणि इंटरनेट बंद पडले पहाटे साडेतीनला. पोराने अर्थातच तक्रार केली नाही. दुसरी अडचण विजेची. लाइट गेली की डब्याचे घड्याळ थांबते आणि आल्यावर ते पुन्हा लागेपर्यंत काही डब्यांत वेळेची मर्यादा लागू होत नाही. नोंदीही पुष्कळ डब्यांत पुसल्या जातात. तेव्हा आठ दिवसांची नोंद एकदम बघू म्हणणाऱ्याला भारनियमनाच्या गावात हाती काही लागत नाही.

वेळ बांधायची तर सगळ्यांची बांधावी, हे आमचे स्पष्ट मत आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. त्या गावाने २०२२ साली ठरवून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. दीड तास टी.व्ही. बंद, मोबाइल बंद, पोरे अभ्यासाला. ही गोष्ट देशभरच्या वर्तमानपत्रांत आली. आम्हाला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की भोंगा बापालाही ऐकू येत होता. पोराचे इंटरनेट दहाला तोडून आपण अंथरुणात बाराला रील बघत पडलो, तर डबा काय करणार?

नको त्या साइटी

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक सोय करता येते. आपण साइटचे नाव टाकतो, पण यंत्राला लागतो आकड्यांचा पत्ता. नावावरून आकडा काढून देणारी जी व्यवस्था आहे तिला डीएनएस म्हणतात. गट ऑफिसात सभासदाचे नाव सांगितले की कोड नंबर काढून देणारी यादी असते, तसेच. आता ही यादी देणाऱ्यानेच अश्लील साइटींचे आणि फसव्या साइटींचे आकडे द्यायचे नाकारले, तर त्या उघडतच नाहीत. क्लाउडफ्लेअर नावाच्या कंपनीने २०२० पासून अशी गाळलेली यादी फुकट ठेवली आहे. डब्याच्या पानावर डीएनएसच्या जागी १.१.१.३ आणि दुसऱ्या रकान्यात १.०.०.३ असे आकडे टाकले की घरभर ती लागू होते. डब्यात आयपीव्ही-६ चालू असेल तर त्याचे वेगळे रकाने असतात. तेही भरावे लागतात, नाहीतर पुढचे दार लावून मागचे उघडे, असे होते. काही कंपन्या आपल्या डब्यात हे आकडे बदलू देत नाहीत. मग दुकानातून वेगळा राउटर घेऊन त्याला जोडावा लागतो.

ही चाळण आहे, भिंत नव्हे. यूट्यूबच्या आत काय चालले आहे ते तिला कळत नाही. मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' म्हणून जागा असते, तिथे दुसरी यादी घातली की ही चाळण बाजूला पडते. व्हीपीएन घातले तरी पडते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला चुकून नको ते दिसू नये, एवढ्यासाठी ती चांगली. सोळा वर्षांच्या हुशार मुलाला ती अडवील या भरवशावर राहू नये.

आमची चूक

आता नोंदीविषयी. काही राउटरांत कोणत्या उपकरणाने कोणत्या साइटची नावे मागितली, याची यादी दिसते. स्वस्तातल्या डब्यांत ती नसतेच. असली तरी त्यात फक्त साइटचे नाव असते. आज बहुतेक साइटी एचटीटीपीएसने चालतात, म्हणजे पाकीट बंद असते. वरचा पत्ता दिसतो, आतले पत्र नाही. यूट्यूब उघडले एवढे कळते, कोणता व्हिडिओ ते नाही. व्हॉट्सॲप चालले हे कळते, कोणाशी काय बोलणे झाले ते नाही. किती जीबी गेले त्यावरून थोडा अंदाज बांधता येतो. चांगल्या प्रतीचा व्हिडिओ तासाला साधारण एक ते तीन जीबी घेतो आणि नुसत्या लिखित निरोपांना एखादा एमबीही पुष्कळ होतो. पण अकरावीच्या फिजिक्सचा तास आणि सिनेमा यांचे वजन काट्यावर सारखेच भरते.

हे सगळे आम्हाला ठाऊक होते, तरी आम्ही फसलो. आमचे कुटुंब एकत्र आहे. थोरल्या भावाचा मुलगा दहावीला. त्याला न सांगता आम्ही डब्याची नोंद चालू केली आणि रोज सकाळी चहाबरोबर वाचू लागलो. चौथ्या दिवशी रात्री दोनच्या सुमारास एका जुगाराच्या साइटचे नाव तीस-चाळीस वेळा आलेले दिसले. त्याआधीच्या महिन्यात उसाचे बिल जमा झालेले, त्यामुळे डोक्यात पहिला विचार पैशांचा आला. त्याच संध्याकाळी सगळे जेवायला बसलेले असताना आम्ही त्याला विचारले. विचारले असे आता लिहितो. खरे म्हणजे आरोपच केला. तो म्हणाला, मी झोपलो होतो. आम्ही म्हणालो, डबा खोटं बोलत नाही. त्याच्या आईने ताट बाजूला सारले.

पुढचे पंधरा दिवस तो आमच्याशी बोलला नाही. अभ्यासाला मित्राच्या घरी जाऊ लागला. मोबाइल घरात टाकून जायचा, जणू बघा काय बघायचं ते. मग तो आपल्या मोबाइलसकट दोन दिवस आत्याच्या गावी गेला आणि त्याच रात्री, त्याच वेळी, तेच नाव नोंदीत पुन्हा आले.

तेव्हा आम्ही वही काढली. त्याचा आणि आमचा मोबाइल एकाच कंपनीचे, यादीत दोन्हींचे नाव एकच. आम्ही उपकरणे एकेक करून तपासलीच नव्हती. नाव बघून नंबर त्याच्या खात्यावर टाकला होता. तो नंबर आमच्या मोबाइलचा निघाला. आणि जुगार आम्हीही खेळत नव्हतो. बाजारभाव बघण्यासाठी एक फुकट ॲप घेतले होते, त्यातल्या जाहिराती रात्री मागच्या मागे आपली सामग्री मागवून ठेवत होत्या. नोंदीत अशी नावे पुष्कळ असतात. ॲप जाहिरात मागते, बातमीचे एक पान उघडले तर त्याबरोबर वीस ठिकाणची नावे येतात. माणसाने बोट लावलेले नाव कोणते आणि यंत्राने आपणहून मागितलेले कोणते, हे ती यादी सांगत नाही.

पंक्तीत आरोप केला होता, म्हणून पंक्तीतच चूक कबूल केली. पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने वही मागून घेतली आणि घरातल्या अकरा उपकरणांचे नंबर नीट लिहून काढले. गोठ्यावरच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड अजून कंपनीने दिलेलाच आहे, हेही त्यानेच दाखवून दिले.

तेव्हापासून आमच्या घरी साइटींच्या नावांची नोंद बंद आहे, वेळेची चालू आहे, आणि ती चालू आहे हे सगळ्यांना माहीत आहे. कायद्याच्या दृष्टीने, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातसुद्धा, अठरा वर्षांखालचे सगळे बालकच. पण नऊ वर्षांचे बालक आणि सतरा वर्षांचे बालक यांना एक दावे चालत नाही. दहा वर्षांच्या आतल्याला स्वतंत्र मोबाइल न देता बैठकीच्या खोलीत, आपल्या नजरेसमोर बघू द्यावे. नोंदवहीची गरजच नाही. त्यापुढे वेळ आणि चाळण, दोन्ही सांगून. सोळा-सतराला नुसती वेळ, तीही त्याच्याशी बसून ठरवलेली.

काट्याला न दिसणारी वाट

हे सर्व घरच्या वाय-फायपुरते. पोराच्या मोबाइलमध्ये रोजच्या दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर त्याने वाय-फाय बंद केले की आपला डबा आंधळा होतो. मित्राच्या हॉटस्पॉटवरही तसेच. त्यासाठी मोबाइलमध्येच सोय लागते : अँड्रॉइडवर गूगलचे फॅमिली लिंक, आयफोनवर स्क्रीन टाइम. दोन्ही फुकट आहेत. गुपचूप बसवायची, सगळे निरोप वाचून दाखवतो म्हणणारी ॲपे मात्र घेऊ नयेत. मुलाचे फोटो आणि निरोप कोणा परक्याच्या हाती चालले आहेत, हे आपल्यालाच कळत नाही.

पैशाच्या खेळांवर २०२५ साली केंद्र सरकारने कायद्याने बंदी घातली आहे, तरी चोरवाटा असतातच. तिथे राउटरपेक्षा बँकेचा मेसेज लवकर बोलतो. बिलाच्या खात्याचा यूपीआय पिन पोराला सांगू नये, रिचार्ज करायलासुद्धा. आणि कोणी फोटोवरून मुलाला धमकावत असेल, पैसे मागत असेल, तर त्याचा पत्ता काट्यावर लागणारच नाही. ते पोराने तोंडाने सांगितले तरच कळते. सांगितले तर त्याला मारू नये, पैसे पाठवू नयेत, आलेले निरोप पुसू नयेत. सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे फोन नंबर आहेत.

एक राहिले. डब्याच्या मागे टाचणी जाईल एवढे एक भोक असते, त्याला रिसेट म्हणतात. टाचणी घालून थोडा वेळ दाबले की आपण लावलेले सगळे पुसले जाते आणि पट्टीवरचा जुना पासवर्ड परत येतो. काही डब्यांत कंपनीचे सेटिंगही जाते, आणि मग लाइनमन येईपर्यंत घरभर इंटरनेट बंद. महिन्यातून एकदा पट्टीवरच्या पासवर्डाने डबा उघडतो का ते बघावे. उघडला, तर टाचणी लागलेली आहे. आमच्याकडे एकदा लागली होती. चौकशी केली तेव्हा कळले, ती पोरांनी नव्हे, मालिका बघता बघता टी.व्ही. अडकला म्हणून आमच्या वहिनींनी लावली होती.